आबांच्या खोलीचं कुलूप

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. ऑफिसात कुणी भुताखेतांचं नाव काढलं की सगळ्यात आधी मीच फिदीफिदी हसते. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण लिहितेय.

मी शहाद्याला राहते. जन्मठेप भोगून सुटलेल्या म्हाताऱ्या माणसांना घरी पुन्हा रुळायला मदत करणं, हे आमच्या संस्थेचं काम. म्हसावदचे हिरामण आबा त्यातलेच, वय पंच्याहत्तर. ते आत असतानाच बायको वारली. सुटल्यावर पुतण्याने धान्याची मागची खोली रिकामी करून दिली.

आबांची एकच पंचाईत होती. त्यांच्या हातून दार उघडायचं नाही. हात धडधाकट, पण इतकी वर्षं रोज सकाळी दार दुसऱ्यानेच उघडलेलं... नुसतं लोटलेलं असलं तरी आत गप्प बसून राहायचे. हाकही मारायचे नाहीत. म्हणून पुतण्याची बायको सुनंदा रोज दार उघडून द्यायची. असंच चाललं तर यांना वृद्धाश्रमात हलवू, असं आमच्या सरांचं मत होतं. आबा एवढंच म्हणायचे, "आते परत बराक नको, माय." आणि रिपोर्ट मीच लिहायचा होता.

मे महिन्यात घरचे सगळे पहाटेच लग्नाला नवापूरला गेले. जाताना आबांचं दार उघडं ठेवायचं आणि दुपारचा डबा मी न्यायचा, असं ठरलेलं. अकराला सुनंदाचा फोन आला, रडत.

"ताई, धान्यानी खोलीले बी मी कुलूप लाई उनू! आबा मझार शेत हाई ध्यानमाच नही ऱ्हायनं. चावी मन्हा जोडे शे..."

आबा आत, बाहेरून कुलूप आणि चावी नवापूरला! गावाला जाताना सगळ्या खोल्यांना कुलूप, ही तिची वर्षानुवर्षांची सवय. खोलीवर पत्रे, बाहेर आमच्याकडचा उन्हाळा. स्कूटीवर कशी पोचले, माझं मला माहीत. आबा जिवंत असू देत, एवढंच घोकत होते. कुणाला विनवत होते कोण जाणे!

खोलीचं दार सताड उघडं. आबा निंबाखाली, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसलेले. कुलूप उंबऱ्यावर ठेवलेलं — बंदच! कडी-कोयंड्याला ओरखडासुद्धा नाही.

"आबा, दार कोणी उघडलं?"

"आम्हनी घरवालीनी," आबा चक्क लाजले. "उनी नि म्हने, उठा, दिन निंघी उना. जेलमा मुलाखतले येये तवय बी म्हने, तुम्ही घर या, दार मीच उघाडसू."

शेजारीपाजारी विचारलं. कुणी आलं नव्हतं. संध्याकाळी सुनंदाने तिच्या चावीने ते कुलूप माझ्यासमोर उघडलं. दुसरी चावी नाहीच. मी पुष्कळ डोकं खाजवलं, अजून खाजवतेय. 

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट भरायला बसले. आबांना घरीच राहू द्यावं, असं लिहिलं. 'घरी काळजी घेणारी व्यक्ती' या रकान्यापाशी पेन अडलं. मग सुनंदाचं नाव लिहिलं, आणि त्याच्या आधी लिहिलं — पत्नी.

"अहो, त्या तर वारल्या ना?" सर म्हणाले.

"हो, सर."

सरांनी रिपोर्ट पुढे ओढला. मग त्यांनी सही केली.