दुसरी प्राणप्रतिष्ठा

"आत्या, जरा उठता का?"

यजमानांनी हे विचारले तेव्हा माझ्या बोटांना ओल्या अक्षता चिकटलेल्या होत्या. समोर गणपती होते. दूर्वांकुराने त्यांच्या नेत्रांना तूप लावून, हृदयस्थानी हात ठेवून मी नुकतीच प्राणप्रतिष्ठा केली होती. पूजा सांगून झाली होती, फक्त आरती राहिली होती. मी उठले. माझ्या पाटावर त्यांनी एक फोन ठेवला. तो घसरू लागला म्हणून नारळाला टेकवला. त्या फोनमधून नाशिकचे एक गुरुजी म्हणाले, "हं, आता पहिल्यापासून घेऊ."

पहिल्यापासून. म्हणजे मी केले ते झालेच नव्हते.

मी भिंतीशी जाऊन उभी राहिले. खोलीत आपलीच माणसे होती, जरीच्या साड्या होत्या, मोदकांचा वास होता. बाहेर जर्मनीतले स्वच्छ, थंड ऊन होते. एका बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि लगेच आपल्या बांगड्या नीट केल्या.

मी जन्मभर संस्कृत शिकवले. देवळाली कॅम्पच्या एका शाळेत सैनिकांच्या, दुकानदारांच्या, शेतकऱ्यांच्या मुलींनी माझ्याकडून शब्दरूपे पाठ केली. लग्न केले नाही. पहाटे स्नान, संध्या, पाठ. या क्रमात माझे आयुष्य गेले. देवापुढे माझी जात मी कधी नेली नाही, आणि देवाने ती कधी विचारली नाही. आमचा मळा सायखेड्याच्या रस्त्याला आहे. माझा भाऊ तिथे झेंडू, शेवंती आणि गुलछडी करतो. भल्या सकाळी त्याची फुले नाशिकच्या बाजारात उतरतात आणि तिथून शहरातल्या देवघरांत जातात.

त्याची मुलगी ऋजुता. हे नाव मीच ठेवले.

लहानपणी तिने बाजारात न विकलेल्या शेवंतीचे ढीग सडताना पाहिले होते. तेव्हापासून एकच ध्यास: काढलेले फूल, काढलेली भाजी जास्त दिवस ताजी कशी राहील. त्यासाठीच ती जर्मनीत शिकायला गेली. तिथे पदवी हवी असेल तर एक सत्र कंपनीत प्रत्यक्ष काम करावे लागते. इंटर्नशिप. ती मिळाली नाही की सारे अडते.

आणि ती मिळत नव्हती. एका कंपनीने मुलाखत घेतली, हसतमुखाने चहा पाजला, नंतर नकार कळवला. दुसरीने होकार दिला. ऋजुताने त्या गावात खोलीसुद्धा शोधली. मग तो विभागच बंद झाल्याचा निरोप आला. तिसरीकडून काहीच आले नाही. दुपारी ती एका बेकरीत पाव विकायची आणि रिकाम्या वेळेत फोन उघडून बघायची. फोनवर तिचा आवाज पातळ होत गेला. एके दिवशी ती म्हणाली, "आत्या, मी इथे आहे की नाही हेच मला कळत नाहीये." त्या वाक्याने मी हादरले. पासपोर्ट होताच, एका यात्रेसाठी काढलेला. मी तिच्याकडे गेले.

निघताना भाऊ म्हणाला, "ताई, तिथं गणपती बसवत्यात का गं?"

"बसवतात."

"मग फुलं कुढून आणत्यात? सांगितलं असतं तर गोणीभर दिली असती. इमानात बसली असती तुझ्याशेजारी."

आम्ही दोघे हसलो. विमानात मात्र मला रडू आले.

यजमान तिथल्या मराठी मंडळातले मोठे गृहस्थ. मूळचे पंचवटीचे. शीतगृहांची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत ते एका विभागाचे प्रमुख होते. ऋजुताचा विषय ऐकल्याबरोबर म्हणाले, "अगं, मग आधी का नाही आलीस? आमच्याकडे जागा निघतेय. नाशिकची मुलगी म्हणजे आपल्या घरची." ऋजुताने त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी पोटभर जेवण केले. मी देवापुढे दिवा लावला.

चतुर्थीला त्यांच्या घरी गणपती. दरवर्षी नाशिकचे गुरुजी फोनवरून पूजा सांगतात. त्या दिवशी ते कुठल्याशा घरी अडकले होते, फोन लागेना. मुहूर्त टळत होता. यजमान माझ्याकडे वळले.

"आत्या, तुम्ही संस्कृतच्या बाई ना? मग तुम्हीच सांगा की पूजा! आमच्यात बायकांनी मंत्र म्हणायचे नाहीत असलं काही नाही हं."

मी बसले. प्रत्येक उपचाराचा अर्थ मराठीत सांगत पूजा केली. यजमानांचे एक जर्मन सहकारी आले होते, ते फोटो काढत होते. यजमान त्यांना अभिमानाने काहीतरी समजावून देत होते. ऋजुताने हळूच भाषांतर केले: "म्हणतायत, आमच्याकडे स्त्रियासुद्धा पुरोहित असतात, आम्ही खूप पुढे गेलोय." तिच्या चेहऱ्यावर मी त्या प्रवासात पहिल्यांदा उजेड पाहिला.

मग वहिनी, म्हणजे यजमानांच्या पत्नी, नैवेद्याचे ताट घेऊन आल्या. दूर्वा सारख्या करता करता माझ्याशी बोलू लागल्या.

"किती छान सांगितलंत! नाशकात तुम्ही कुठे? गंगेजवळ, गोदाकाठी?"

"नाही. सायखेड्याच्या रस्त्याला आमचा मळा आहे."

"अय्या, मळा! मग बघायला माणसं ठेवली असतील."

"आम्हीच बघतो. भाऊ फुलं करतो. पिढ्यानपिढ्यांचं तेच काम आहे."

त्यांचा हात दूर्वांवर थांबला. "अच्छा," त्या म्हणाल्या. मग उठल्या. आत गेल्या. स्वयंपाकघराचे दार पूर्ण लागले नव्हते.

"अहो, माळी आहेत त्या."

"कोण?"

"कोण काय, आत्या! आणि प्रतिष्ठा करून बसल्या. वेदोक्त."

थोड्या वेळाने यजमानांचा आवाज आला. गुरुजींचा फोन आता लागला होता. यजमान त्यांना दबक्या स्वरात सांगत होते, विचारत होते. काय सांगितले ते सगळे ऐकू आले नाही. "हो, हो, दोष नको," एवढे ऐकू आले.

आणि मग ते बाहेर आले. "आत्या, जरा उठता का? दोनच मिनिटं. नुसती फॉर्मॅलिटी."

त्या गुरुजींचे पठण निर्दोष होते. हेच मला सलते. ते अशुद्ध बोलले असते तर मी मनातल्या मनात त्यांना क्षमा केली असती आणि स्वतःला थोर समजले असते. पण स्वर शुद्ध होते, विसर्ग स्वच्छ होते, गती शांत होती. ज्या मंत्रांनी मी सारे आयुष्य देवाला हाक मारली, तेच मंत्र, तितक्याच सुंदरपणे, मला पुसून टाकत होते. आलेल्या देवाला पुन्हा बोलावण्याचा अर्थ एकच. माझ्या हाकेला तो आला नव्हता.

मी शास्त्र जाणते. आमच्यासारख्यांना वेदमंत्रांचा अधिकार नाही म्हणणाऱ्या कोणत्या वचनाचा आधार ते घेतील हे मला पाठ आहे. त्या वचनाचे अध्यापन मी स्वतः वर्गात केले आहे, आदराने, मान खाली घालून. कोणा मुलीने प्रश्न विचारला तर "तो काळ वेगळा होता" असे म्हणून पुढचे पान उलटले आहे. काळ वेगळा नव्हता. तो त्या खोलीत, नारळाला टेकून बसला होता.

आरती झाली. मी टाळ्या वाजवल्या. प्रसाद दिला तो खाल्ला. निघताना यजमान माझ्यापाशी आले आणि हात जोडून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका हं. आणि ऋजुताचं मी बघतो. तिचं काम झालंच समजा."

ट्राममध्ये ऋजुता खिडकीबाहेर बघत राहिली. तिने प्रसाद खाल्ला नव्हता. मोदक तसाच कागदात होता.

"आत्या, तू का उठलीस?"

"तुझ्यासाठी."

"मग मला विचारायचं होतंस ना."

मी तो कागद नीट दुमडून माझ्या पिशवीत ठेवला. पुढचे चार-पाच दिवस आम्ही दोघी त्या छोट्या खोलीत एकमेकींना न दुखवता वावरलो. सकाळी मी पूजेला बसे. डोळे मिटले की तो आवाज येई. हं, आता पहिल्यापासून घेऊ. मी ध्यानमंत्र सुरू करी आणि तो माझ्या आधी पुढची ओळ म्हणे.

मग यजमानांचा फोन आला. मी ऋजुताला स्पीकर लावायला सांगितला.

"आत्या, नमस्कार! अहो, तुमच्या पूजेचे फोटो केवढे गाजतायत! आता ऐका. मंडळाच्या विसर्जनाला इथले महापौर येणार आहेत. तुम्ही अथर्वशीर्ष म्हणायचं. नऊवारी नेसून. इंप्रेशन फार छान पडतं हो."

"उत्तरपूजा कोण करणार?"

"ती गुरुजी ऑनलाइन घेतील. तुम्ही गणपतीच्या टेबलाच्या जरा अलीकडे उभ्या राहा, म्हणजे झालं. आणि हो, ऋजुताचं नाव उद्याच पुढे पाठवतोय."

दोन्ही गोष्टी एकाच श्वासात. मी ऋजुताकडे पाहिले. या वेळी विचारले. तोंडाने नाही, नुसत्या नजरेने. तिचे डोळे भरले होते. पदवी, ते सत्र, बेकरीत उभे राहून काढलेल्या दुपारी, बापाच्या मळ्यात सडलेली शेवंती, सगळे त्या नजरेत होते. तिने मान हलवली. नाही.

"मी येणार नाही," मी म्हणाले.

"का? तब्येत?"

"तब्येत उत्तम आहे. माझ्या हातची प्रतिष्ठा तुम्हाला चालली नाही. मग माझ्या तोंडचं अथर्वशीर्ष कसं चालेल?"

"अहो, आम्ही कुठे मानतो जातपात! तो गुरुजींचा मुद्दा होता."

"गुरुजींनी मला पाहिलंही नव्हतं. त्यांना सांगितलं कोणी?"

मग अगदी मृदू स्वरात: "ठीक आहे. ऋजुताला म्हणावं, तिने शांतपणे विचार करावा. तिचं करिअर आहे."

ऋजुता फोनजवळ आली. "काका, मी ऐकतेय. माझं नाव पाठवू नका."

तिने फोन ठेवला आणि जमिनीवर बसून ती रडली. मीही रडले. तो विजय नव्हता. मला तसे कोणी म्हटले तर राग येतो.

नाव गेले नाही. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. ऋजुताचे सत्र वाया गेले, पदवी लांबली. मी नाशिकला परतले. ती अजून तिथेच आहे, अजून अर्ज करते आहे. परवा एका मुलाखतीत शेवटपर्यंत पोचली, मग नकार आला. कधी कधी फोनवर ती नुसते मळ्यातल्या शेवंतीचेच विचारते. तेव्हा माझ्या मनात येते, दोन मिनिटे टेबलाच्या अलीकडे उभी राहिले असते तर? हा विचार मी लपवत नाही. तो रोज येतो.

भावाला सगळे सांगितले तेव्हा तो वाफ्यात पाणी धरत होता. हातातल्या फावड्याने त्याने बांधाची माती सारखी केली. मग म्हणाला, "त्या गणपतीला फुलं कोणाची व्हती गं?"

"तिथल्या दुकानातली."

"ती कोणी तोडली, ते इचारलं का त्यांनी?" एवढे म्हणून त्याने पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवले.

त्या गुरुजींचा चेहरा मी पाहिला नाही. पडद्याची पाठ माझ्याकडे होती. पण आता नाशिकमध्ये कुठल्याही देवळात गेले, गोदावरीच्या काठी कोणी संकल्प सांगत असेल, शेजारी सत्यनारायण असेल, की माझे पाय थबकतात. मी आवाज तपासते. हा तो नव्हे. हाही नव्हे. एकदा एका वळणावर तसाच स्वच्छ विसर्ग ऐकू आला आणि मी आल्या वाटेने परत फिरले. त्याहून वाईट एक शंका आहे. असे उच्चार शिकवणारी माणसे या जिल्ह्यात थोडी. माझ्या एखाद्या विद्यार्थिनीने ते आपल्या मुलाला शिकवले असतील का? माझ्याच वर्गातले स्वर फिरून माझ्यावर आले असतील का? हे मला कधीच कळणार नाही. ते कळत नाही म्हणून तो आवाज जात नाही.

देवावरची श्रद्धा गेली का, असे एका जुन्या सहकारी बाईंनी विचारले. नाही गेली. गेली असती तर सोपे झाले असते. मी त्याला रोज विचारते, त्या दिवशी तू माझ्या हाकेला आला होतास की नाही? तो बोलत नाही. परंतु मला माहीत आहे की तो आला होता. हे ज्ञान मला कोणी दिलेले नाही, आणि ते कोणी काढूनही घेऊ शकत नाही.

आता मळ्यांतल्या बायका दुपारच्या वेळी माझ्याकडे बसतात. निंदणी करून येतात, हातपाय धुतात आणि प्राणप्रतिष्ठा शिकतात. वेदोक्त. पूर्ण. वर्गात जे पान मी उलटून टाकत होते, ते आता वाचून दाखवते, त्याचा अर्थ सांगते आणि ते मला मान्य नाही हेही सांगते.

यंदा शहरातल्या एका सुशिक्षित घरून निरोप आला आहे. त्यांना गणपतीला स्त्री पुरोहित हव्या आहेत. मी जाणार आहे. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून आधी माझे गाव सांगेन, मळा सांगेन, जात सांगेन, भाऊ काय करतो ते सांगेन. ज्यांना नको असेल त्यांनी तेव्हाच दार लावावे. मी शांतपणे परत जाईन. पण आत घेतले, पाटावर बसवले, की मी पूजा पुरी करीन, आणि ती पुरी होईपर्यंत कोणाच्याही सांगण्यावरून उठणार नाही.