देगलूरच्या मास्तरांची अर्धी नोट
लातूर नवा जिल्हा झाला आणि माझी नांदेडहून तिथल्या कचेरीत बदली झाली. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. भाड्याच्या खोलीत ट्रंकेतल्या, छंदाने जमवलेल्या जुन्या चलनी नोटांखेरीज सोबत नव्हती. त्यात दुष्काळ. दिवसभर गावोगावच्या टँकरच्या खेपा लावायच्या, खोलीवर येऊन स्टोव्ह पेटवायचा. कामाशिवाय एक शब्दही बोललो नाही, हे जेवताना ध्यानात यायचं.

महिन्यातला एक रविवार मात्र देगलूरचा. तिथे उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर राहायचे. त्यांनाही नोटांचाच नाद. त्यांच्याकडे मोलाची वस्तू एकच होती, एका खाजगी बँकेची सव्वाशे वर्षांपूर्वीची अर्धी नोट. तेव्हा डाकेत चोरी व्हायची म्हणून लोक नोट मधोमध कापत. एक तुकडा पोचल्याचं कळलं की दुसरा धाडत. छपाई एकाच बाजूला, पाठ कोरी.

त्या उन्हाळ्यात चार महिने जाणं झालं नाही. गेलो तेव्हा मास्तर ओसरीत बसले होते. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. सून चहा देऊन आत गेली. त्यांनी वहीतून नोट काढून माझ्यापुढे धरली.

"बघा, अक्षर काय सुबक हाय!"

माझ्यासमोर कोरी बाजू होती.

"हाव, लई सुबक," मी म्हणालो.

माझा आवाज त्यांना खटकला असावा. "उलटी धरली का?"

मी त्यांच्या हातातून नोट घेतली.

"घरात सांगू नका," ते हळूच म्हणाले. "थोरला पोरगा हैदराबादला त्याच्याकडं घेऊन जाईल. तिथं नोटांचं माझ्याशी कोण बोलंल?"

मी नोट सुलटी केली आणि वाचून दाखवली. एका शब्दाला अडखळलो, तो त्यांनीच सांगितला.

मग दर रविवारी जाऊ लागलो. मी घरात कधी बोललो नाही. सुनेला मात्र कळलं असावं. कपाचा कान त्यांच्या बोटांना लागेपर्यंत ती कप सोडायची नाही.

दोन वर्षांनी मास्तर गेले. लगेच माझी बदली परत नांदेडला झाली. पहिल्या रविवारी सवयीने लवकर आवरून बसस्टँडवर गेलो. देगलूरची गाडी लागलेली होती. ती सुटेपर्यंत तिथेच उभा राहिलो, मग घरी आलो.