बोंबलांचं मैदान पडीक नाही

गोराईकरांनो, बंदराच्या फळ्यावर आज मी लिहितोय. कुणी पुसू नका.

सकाळी होडीतून एक शेठ उतरला. आपल्या बोंबील वाळवायच्या मैदानात उभा राहून म्हणाला, "जागा पडीकच आहे ना? बंगले झकास दिसतील."

पावसाळ्यात आपण बोंबील टांगायच्या वलांड्या काढून ठेवतो, म्हणून त्याला मैदान रिकामं दिसलं. पण माझा सख्खा पुतण्याही मान डोलवत होता!

मी ओरडलो, "अरे, तुझ्या आईने इथेच बोंबील वाळवून तुला मोठं केलं ना रे?"

"काका, गप बसा. शेठ मला इथे चौकीदार ठेवणार आहे."

तेव्हापासून डोकं भणभणतंय. पाऊस सरल्यावर आपण वलांड्या घेऊन तिथे गेलो आणि आपलाच पोरगा काठी घेऊन आडवा आला, तर काय करायचं? सांगा!