नाराच्या देवळातली पाटी

मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर दोन बोटं आपटून ते म्हणायचे, "होमवर्क कमी पडलं." जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे हे एकच निदान होतं. कुणाचं विमान चुको, कुणाची पुरणपोळी फुटो, कुणाच्या मुलाला हवी ती शाळा न मिळो. सिंगापूरला, बुकित बातोक भागात, ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत. कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होते आणि घरीही प्रोजेक्टच चालवत. असे एक गृहस्थ तुमच्याही ब्लॉकमध्ये असतील. नसले तर तुम्ही सुखी आहात.

एकदा आमच्या ओळखीतल्या एकाचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथे नोकरी करायचा परवाना, रिन्यू झाला नाही. बायकोमुलांचा मुक्कामही त्याच पासावर, त्यामुळे महिन्याभरात सगळ्यांनाच गाशा गुंडाळावा लागला. निरोपाच्या जेवणात आम्ही खाली मान घालून वरणभात कालवत होतो. यांनी घास ताटात ठेवला आणि घड्याळावर बोटं आपटली. तो बिचारा ऐकून घेण्यापलीकडे काय करणार? माझ्या मनातून मात्र हे त्या दिवशी उतरले.

तरीही पुढच्या सुट्टीत आम्ही चार कुटुंबं त्यांच्याच मागून जपानला गेलो. तिकिटं, हॉटेलं सगळं ते बघत होते आणि आम्ही आळशी होतो. तत्त्व आणि आळस यांच्यात आमच्याकडे कोण जिंकतं, ते वेगळं सांगायला नको. नारा शहरासाठी एक दिवस राखलेला होता. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाच्या हाती छापील कागद आला: हरणांचं उद्यान चाळीस मिनिटं, देऊळ पन्नास, बाजार पंचवीस, 'फोटो व इतर' सहा. इतरमध्ये काय काय येतं, हे विचारायची सोय नव्हती.

त्या उद्यानात हरणं मोकळी फिरतात आणि बिस्किट दाखवलं की मान लववतात. हरणाकडून नमस्कार कसा करवून घ्यायचा, याचं त्यांनी आम्हाला रीतसर प्रात्यक्षिक दिलं. ते चालू असताना दुसऱ्या हरणाने त्यांच्या मागच्या खिशातून वेळापत्रक ओढलं आणि देवळाबाजारासकट खाऊन टाकलं. आम्ही पोट धरून हसलो. त्यांनी शांतपणे बॅगेतून दुसरी प्रत काढली. "अंकल गॉट बॅकअप, लाह," माझी मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

देवळाची वाट दगडी दिव्यांच्या रांगांमधून जाते. झाडी दाट, हवा गार. वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, तिथे जरा टेकायचं होतं. बसायचं ते बाजारात बसा, असं उत्तर मिळालं.

देवळात लहान लाकडी पाट्या मिळत होत्या. त्यांवर इच्छा लिहायची आणि चौकटीतल्या खिळ्याला टांगायची. यांनी आधी नाक मुरडलं. मग इंग्रजीत लिहा म्हणून आम्हाला बजावलं, कारण इथल्या देवाला मराठी वाचून कोण दाखवणार? मी मुलीच्या गणितासाठी इंग्रजीत दोन ओळी खरडल्या आणि टांगायला गेलो, तर समोरच त्यांची पाटी. आमच्या गणपतीच्या सगळ्या सूचना तेच लिहीत, त्यामुळे अक्षर ओळखीचं होतं. ठळक मराठीत लिहिलं होतं: 'पास रिन्यू होऊ दे. कंपनीने अवघड आहे म्हणून सांगितलं आहे. हिला अजून माहीत नाही.'

खोटं कशाला सांगू, आधी मला हसू आलं. दुसऱ्याच्या पासावर बोटं आपटणारा माणूस देवाच्या दारात उभा, आणि चार मराठी कुटुंबं मागे असताना गुपित लिहितो ते मराठीत! मग शेवटची ओळ पुन्हा वाचली. वहिनी आपली पाटी घेऊन त्याच चौकटीकडे येत होत्या. मी चटकन यांच्या पाटीवर माझी पाटी टांगली. वहिनींनी शेजारच्या खिळ्याला आपली अडकवली आणि हात जोडले. ते चार पावलांवर उभे राहून आमच्याकडे बघत होते.

बाजारात वहिनींना चिनीमातीचे वाडगे आवडले. त्या म्हणाल्या, पुढची दहा वर्षं आपल्या घरात हेच वापरीन. पंचवीस मिनिटांचा तास झाला, तरी त्यांची बोटं घड्याळावर आपटली नाहीत. दोन्ही जड खोकी त्यांनीच उचलली. पाटीचा विषय मी काढला नाही. स्वतःच्या समजूतदारपणावर मी त्या दिवशी फार खूश होतो.

सिंगापूरला परतल्यावरही मी तो समजूतदारपणा सोडला नाही. लिफ्टमध्ये भेटले की हवापाण्याचं बोलायचो. दीड महिन्याने पासाला नकार आला आणि वहिनींना सगळं त्याच दिवशी कळलं.

सामान बांधायला मदत म्हणून मी वर गेलो. वहिनी आतल्या खोलीत होत्या. नवऱ्याशी त्यांनी बोलणं टाकलं होतं. शाबासकी मिळेल या आशेने मी हळूच सांगितलं, की पाटी मी वाचली होती आणि वहिनींना दिसू नये म्हणून झाकली होती.

खोक्याला टेप लावता लावता ते थांबले.

"ठाऊक आहे मला. मी बघत होतो."

"तुम्ही मराठीत लिहिलं होतं, म्हणून मी..."

"तिला वाचता यावं म्हणूनच मराठीत लिहिलं. तोंडाने सांगायचा धीर होत नव्हता हो." त्यांनी टेपचं टोक नखाने सोडवलं. "ती अगदी जवळ आली होती. दोन पावलं राहिली होती. आणि तुम्ही मधे आलात."

एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी खोकं धरून राहिलो आणि ते टेप लावत राहिले.

आता ते पुण्यात असतात. दरवर्षी दिवाळीला त्यांच्या शुभेच्छांखाली दोघांची नावं असायची. यंदा वहिनींच्या शुभेच्छा वेगळ्या आल्या, आणि यांच्या शुभेच्छांखाली एकट्याचंच नाव होतं.