अरीजचा न प्यायलेला पेला

सहाब गावातल्या बिस्कीट कारखान्यात अरीजने उन्हाळ्यात अर्ज केला होता. जानेवारी उजाडला तरी मुलाखती संपायचं नाव घेत नव्हत्या. पहिली फोनवर झाली. दुसरीत संगणकाने विचारलं, तू झाड असतीस तर कुठलं? तिने ऑलिव्ह लिहिलं. इथे दुसरं कोण काय लिहिणार? तिसरीत चाळीस बिस्किटं चाखायला लावली. चौथीत पुन्हा पहिलेच प्रश्न, कारण पहिलीचे कागद कुणीतरी हरवले होते. पाचवीत मॅकरोनीचा मनोरा बांधून घेतला. सहावीत दुबईचे कुणी तज्ज्ञ पडद्यावर येणार होते. त्यांचं नेट गेलं आणि अरीज वीस मिनिटं काळ्या पडद्याला आपले गुण सांगत बसली. एवढ्या भेटींत आमच्याकडे लग्न ठरून पाळणाही हलतो.

इकडे समुद्रकाठच्या अकाबा शहरातल्या मामाने आपल्या हॉटेलात तिच्यासाठी फोनवर बसायची जागा अडवून ठेवली होती. त्याला गुरुवारी उत्तर हवं होतं. अन्नरसायन शिकून जन्मभर 'खोली समुद्राच्या बाजूची देऊ का' विचारत बसायचं, हे तिला मुळीच नको होतं. आणि मालकाबरोबरची सातवी फेरी निघाली बुधवारी दुपारी चारला.

त्या दिवशी नेमका तिचा रोजा होता. पुढचा रमजान तोंडावर आला होता आणि गेल्या रमजानात बायकांच्या महिन्याच्या अडचणीमुळे जे रोजे सुटले, ते भरून काढायचे राहिले होते. पण हे पुरुषांसमोर बोलायचं कसं? खोलीत चार पुरुष होते: मालक अबू कुतैबा, दोन व्यवस्थापक आणि भरतीचं काम बघणारा मुअय्यद, ज्याच्या डोक्यातून या सगळ्या फेऱ्या निघाल्या होत्या.

म्हाताऱ्या शिपायाने कडू कॉफीचा पेला हातात दिला. अरीजने तो घेतला आणि हळूच टेबलावर ठेवला.

अबू कुतैबा बोलता बोलता थांबले. आमच्याकडे चार माणसं जमवून कुणाच्या दारी मागणं घेऊन गेलं, की त्यांचा म्होरक्या पेला असाच खाली ठेवतो आणि होकार मिळेपर्यंत ओठाला लावत नाही. कॉफी निवली, तर अब्रू जाते ती यजमानाची.

"घे ना, पोरी," अबू कुतैबा म्हणाले.

"राहू द्या, साहेब," अरीज खाली बघत म्हणाली.

मालकांनी पेल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. पोर भलतीच धीट दिसते, म्हणून त्यांना कौतुकही वाटलं असावं. मुअय्यद आठव्या फेरीची तारीख सांगू लागला, त्याला त्यांनी हातानेच गप्प केलं.

"सहा वेळा दार ठोठावून आलीस, मागणं घालायला आणखी माणसं कशाला हवीत? तुझं काम झालं. पी आता कॉफी."

अरीजला नोकरी मिळाली आणि त्याच क्षणी ती कात्रीत सापडली. प्यावी तर रोजा मोडतो, न प्यावी तर शब्द झिडकारल्यासारखं होतं. शेवटी तिने लाज गुंडाळून ठेवली.

"साहेब, माझा रोजा आहे."

"जानेवारीत?" मुअय्यदने विचारलं. शेजारच्या व्यवस्थापकाने त्याच्या पायावर पाय दिला. अबू कुतैबांना तीन मुली होत्या. कारण लगेच उमगून मालकांचे कान लाल झाले.

"म्हणजे मागणं वगैरे काही नव्हतंच," मुअय्यद पाय चोळत म्हणाला. "मग आठवी फेरी..."

"शब्द मी पेल्याला नाही दिला, हिला दिलाय. पण पेलाही रिकामा झालाच पाहिजे. मगरिबची अजान होऊन रोजा सुटेपर्यंत कुणी हलायचं नाही."

सूर्य मावळायला पाऊण तास होता. मुअय्यदकडचे प्रश्न तर केव्हाच संपले होते. शेवटी मालकांनीच विचारलं, आल्यावर पहिलं काय करशील?

"तुपाचे डबे आत घेईन," अरीज म्हणाली. "दर खेपेला बघते, फाटकापाशी उन्हापावसात पडलेले असतात. तूप खवट झाल्यावर बिस्कीट चांगलं होईल कसं?"

दोन्ही व्यवस्थापक जमिनीकडे बघू लागले. अबू कुतैबा मुअय्यदकडे वळून म्हणाले, "सहा फेऱ्यांत हे कुणी विचारलं नाही हिला?"

अजान झाली. शिपायाने खजूर आणले. अरीजने एक खाल्ला आणि गारढोण कॉफी एका घोटात संपवली. तोंड कडूजहर झालं, डोळे भरून आले.

"उद्या किती वाजता येऊ, साहेब?"

"आठला," अबू कुतैबा म्हणाले. "डबे मुअय्यद उचलेल."