जयाच्या नकाशावरची निळी संक्रांत

जया लग्न होऊन माण गावात आली तेव्हा घराच्या पायरीवर उभं राहिलं की ओढ्यापर्यंत भातखाचरं दिसायची. दोन हजार सहा साली त्याच पायरीवरून काचेच्या इमारती दिसत होत्या आणि घरावर चढवलेल्या मजल्यात कंपनीत जाणाऱ्या मुली भाड्यानं राहत होत्या.

मुलगा इंद्रजित इंजिनिअरिंगला सांगलीला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर घरी राहिला. त्याच्यावरची धूळ पुसता पुसता जया तो चालू करायला शिकली. मग उन्हाळ्यात क्लास लावून एमएस-सीआयटीची परीक्षाही पास झाली. दहावीनंतर इतक्या वर्षांनी परीक्षेला बसलेली बाई! पेढे तिनं स्वतःच आणून वाटले, कारण दुसऱ्या कुणाच्या ते डोक्यातच आलं नाही.

एक दिवस तिचे सासरे, कुशाबा, जेवता जेवता म्हणाले, "बोरीचं पट्टं कुटं व्हतं, ह्ये इंद्रजितला इचारलं तर त्याला सांगता यायचं न्हाई."

जयाला तेवढं पुरे झालं. जुन्या शेतांचा नकाशा करायचा म्हणून तिनं कॉम्प्युटरवर चित्रं काढायच्या पानावर एक निळी रेघ ओढली. हा ओढा. मग कुशाबा खुर्चीत बसून सांगायला लागले आणि ती माऊस धरून काढायला लागली. चिंचेचं खाचर, म्हसोबाची पड, वाकडा बांध. जमिनी कंपन्यांसाठी गेल्या होत्या, पण म्हाताऱ्याच्या जिभेवर एकेका तुकड्याचं नाव ताजं होतं. सून आणि सासरे इतकं बोलत बसलेले त्या घरानं कधी पाहिलं नव्हतं.

गावठाण झालं, ओढ्याची बाजू झाली. शेजारच्या नेरे गावाकडची शीव कागदात बसेना म्हणून जयानं कागद मोठा केला. आणि तिथून संक्रांत आली. रंग भरता भरता अख्खा पडदा निळाशार झाला, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटली आणि कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला. सकाळपासूनचं काम गेलं. दुसऱ्या दिवशी तेच. पत्ते खेळलं तर काही होत नव्हतं, पत्र टाइप केलं तर काही होत नव्हतं. नकाशा उघडून जरा वेळ झाला की पडदा निळा.

कुशाबांनी खुर्ची मागं सारली. "गेल्याल्या जमिनीचं नाव काढू न्हाई म्हंत्यात, जये. ऱ्हाऊ दे."

जयाचा त्यावर विश्वास नव्हता, पण हातही पुढं होईना. तिची भीती वेगळी होती. इंद्रजितचा प्रोजेक्ट त्यात होता, त्याचे फोटो त्यात होते. दुकानदारानं नुसतं ऐकूनच सांगितलं होतं, व्हायरस असणार, सगळं पुसून टाकावं लागेल. नवरा विलास म्हणाला, "कशाला हात लावायचा जे कळत न्हाई त्याला?" इंद्रजितनं फोनवर कॉम्प्युटरचं विचारलं, तेव्हा ती "बरा हाय की" म्हणाली आणि तिनं लगेच फोन ठेवला. कॉम्प्युटरवर तिनं जुनं पातळ टाकून ठेवलं.

एका रविवारी वरच्या खोलीतली जान्हवी कढीपत्ता मागायला खाली आली. नांदेडची मुलगी, कंपनीत प्रोग्रॅम तपासायचं काम करणारी. येताजाता तिनं नकाशा पाहिला होता. पातळाकडं बघून ती म्हणाली, "काकू, नकाशा थांबला का?"

जयानं सगळं सांगून टाकलं.

"काय केल्यावर बिघडतं ते शोधायचं, हेच तर माझं काम आहे," जान्हवी म्हणाली. "दुरुस्त दुसरेच करतात. बघू या का?"

आधी तिनं इंद्रजितच्या सगळ्या वस्तू सीडीवर उतरवून घेतल्या. तेवढ्यानंच जयाचा अर्धा जीव भांड्यात पडला. मग खोका उघडला. आत धुळीची गोधडी. जयानं रंगाच्या ब्रशनं ती झाडली, पंखा मोकळा केला, नकाशा उघडला. पडदा निळा. वीज नीट येत नसेल म्हणून यूपीएस काढून वायर थेट भिंतीत लावली. पुन्हा निळा.

"ऱ्हाऊ दे गं," जया म्हणाली.

"थांबा काकू. कागद मोठा केल्यावर सुरू झालं म्हणालात ना?" जान्हवीनं आतल्या दोन हिरव्या पट्ट्या दाखवल्या. "ही याची मेमरी. एक काढून बघू."

एक काढली. नकाशा उघडला. जयानं एक शेत रंगवलं, दुसरं रंगवलं, मुद्दाम भराभर रंगवत सुटली. काही झालं नाही. मग आतली पट्टी काढून नुसती ती बाहेर काढलेलीच लावली, तर नकाशा उघडायच्या आतच पडदा निळा.

"सापडली!" जान्हवीनं टाळी वाजवली. "छोट्या कामाला पहिलीच पुरते. काम वाढलं की हिच्यावर येतं, आणि हीच खराब आहे."

"म्हंजे वरच्या अंगाला भोक पडल्याल्या हंड्यागत," जया म्हणाली. "निम्मा भरंस्तवर गळत न्हाई."

कुशाबा कधीचे दारात येऊन उभे होते. "म्हंजे जमिनीचा काय कोप न्हाई?"

जान्हवी हसली नाही. "नाही आजोबा. पट्टीच नासकी."

म्हातारा उंबऱ्यावरच टेकला. मोठा श्वास सोडून म्हणाला, "च्या टाक गं जये. गोड टाक."

जयानं आधी सांगलीला फोन लावला. पलीकडं इंद्रजित गडबडला. "आई, ती पट्टी मीच बसवलीवती. मित्राची जुनी. गेम जोरात चालावी म्हणून."

"तू? आन मी इतके दिस माझ्या हाताला नावं ठिवतीया!" तिला रागवायचं होतं, पण हसूच फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. "चुकलो, आई," तो म्हणत होता. ती म्हणत होती, "असू दे, असू दे." विलास टेम्पो लावून घरात आला तर त्याला पाणी द्यायच्या आधी तिनं सांगितलं, "माझ्या हातनं न्हाई बिघडलं. ऐकलंत का? माझ्या हातनं न्हाई."

एका पट्टीवर कॉम्प्युटर रेंगाळायला लागला. नकाशा उघडेपर्यंत चहा पिऊन होई. पण उघडे. जान्हवी वाकून बघत होती. "आजोबा, आमचं ऑफिस यात कुठं येतं?"

कुशाबांनी खुर्ची पुढं ओढली, पडद्याजवळ बोट नेलं. "ह्ये काय. तू रोज आमच्या चिंचंच्या खाचरात जातीस की गं पोरी. लई पाणथळ जागा ती. पाय जपून टाकत जा."