कूळ होतं, ते काढून टाकलं

आमच्या थोरल्या काकांना आमच्या घराण्याचं मूळ तोंडपाठ होतं. ते सूर्यापासून सुरू व्हायचं, वाटेत दोन-चार राज्यं जिंकायचं आणि अमडापूरजवळच्या आमच्या वांग्यांच्या वाफ्यात येऊन थांबायचं. गोत्र, देवक, कुळदैवत, सगळं एका दमात. काका कुळी सांगायला बसले की दुसरबीडची एसटी जाऊन परत येते, असं गावात म्हणायचे. मी म्हणतो, दोनदा. असा माणूस माझ्याच लग्नाच्या बोलणीत कूळ सांगताना घसरला, यावर आजही कोणी विश्वास ठेवत नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि कूळकायद्याची धास्ती घराघरात शिरली होती. जो कसेल त्याची जमीन. नाल्याकाठची आमची एक पट्टी गावातला एक म्हातारा वर्षानुवर्षं बटईनं, अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, वाहत होता. काकांनी त्याला तिथून उठवलं आणि सगळ्या घराला पढवलं, "कोनीबी इचारो, आपल्याकडं कूळ नाही, असंच सांगा." आम्ही घोकलं. आमचा पोपट तर रामराम विसरून 'कूळ नाही, कूळ नाही' करू लागला. शेवटी त्याचा पिंजरा माजघरात नेऊन ठेवावा लागला.

मुलगी देऊळगाव राजाकडची. बालाजीच्या जत्रेत मी तिला बांगडीवाल्याशी भांडताना पाहिलं होतं. बांगडीवाल्यानं हात जोडले तेव्हाच ती थांबली. लग्न करायचं तर हिच्याशीच, हे मी तिथंच ठरवून टाकलं होतं.

तिचे आजोबा आमचं घर पाहायला आले. ओसरीवर सतरंज्या, त्यांवर आमची भावकी. पायरीवर तो म्हाताराही विडी ओढत बसला होता. पट्टीवरून उठवलं तरी गावातून कोण उठवणार? पाहुण्यांमधल्या एकानं काळा कोट घातला होता. काकांना त्याच्यात सरकारी माणूस दिसला, आणि तिथंच घोटाळा झाला.

चहा पिता पिता आजोबांनी विचारलं, "बरं, तुमचं कूळ?"

काकांनी काळ्या कोटाकडं पाहिलं. "आमच्यात कूळ नाही, पाहुणे."

"म्हणजे?"

"होतं एक. मागल्या साली काढून टाकलं."

आजोबांनी बशी खाली ठेवली. "कूळ काढून टाकलं?"

"हाव. लय डोईजड झालं होतं."

"मग आता चालतं कसं?"

"मस्त चालते. आता सारं घरच्या घरीच."

आजोबा उठले आणि जोडे शोधू लागले. बोलणीत नवरदेवानं तोंड उघडायचं नसतं, पण जोडे सापडले असते तर माझा संसार तिथंच संपला असता. मी म्हणालो, "आजोबा, काका शेतातल्या कुळाचं सांगून राह्यले."

एक जोडा पायात चढवून आजोबा थांबले. "असं होय? मग शेतात कूळ होतं म्हणायचं."

होतं म्हणावं तर भावकीसमोर, काळ्या कोटासमोर पट्टी जाते. नव्हतं म्हणावं तर काढून टाकलं ते कोणतं? काकांना असा घाम सुटला की त्यात अख्खी ओसरी सारवून झाली असती.

"बोला ना दादा, काऊन गप बसले?" माझे वडील म्हणाले. काकांना बोला म्हणायची पाळी घरात पहिल्यांदाच आली होती.

काकांनी माझ्याकडं पाहिलं, मग पायरीकडं.

"मले कायले पाहता, पाटील?" म्हातारा म्हणाला. "मी तं इडी पिऊन राह्यलो."

"होतं," काका म्हणाले. "अन् हाये. हे काय पायरीवर बसलं." आणि गेलेली पट्टी भरून काढायची असल्यासारखे त्यांनी सूर्यापासून सुरुवात केली. ते वाफ्यापर्यंत पोचले तोवर चहाची आणखी एक फेरी झाली होती. आजोबांनी चढवलेला जोडा काढला. "देवक निराळं आहे. जमतं," म्हणाले.

त्या हंगामात पट्टी पुन्हा म्हाताऱ्यानं नांगरली. पुढं ती त्याच्या नावावर झाली. लग्नाची वरात दारात आली तेव्हा तो वांग्यांची टोपली घेऊन उभा होता.

"हे कोण?" नवरीनं माझ्या आईला हळूच विचारलं.

"हे आपलं कूळ," आई म्हणाली.

नवरीला वाटलं, घराण्यातलं सगळ्यांत वडीलधारं माणूस असणार. ती वाकून त्याच्या पाया पडली. म्हाताऱ्यानं तोंडभरून आशीर्वाद दिला आणि वांगी तिच्या ओटीत घातली. काका शेजारीच उभे होते. त्यांच्याही पाया पडली, पण नंतर.